एक मैलाच्या पुढे: आधी बुलेट ठरवा, मग कॅलिबर

दूरवेधी

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत ६.५ क्रीडमूर या काडतुसावर १,००० यार्डांपर्यंत हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता कुठलं कॅलिबर? उत्तरादाखल काडतुसांच्या नावांची यादी येते आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. या धाग्यात क्रम उलटा घेऊ: अंतर, मग बुलेट, मग ट्विस्ट (नळीतल्या सर्पिल खाचांचा पीळ), आणि सगळ्यात शेवटी केस (काडतुसाची पितळी खोळ). चर्चा अमेरिकेतल्या खुल्या रेंजवरच्या लक्ष्य-नेमबाजीपुरती आहे. आदर्श नमुना म्हणून न्यू मेक्सिकोत रेटॉनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर घेतो, कारण 'किंग ऑफ टू माइल्स' ही स्पर्धा तिथे रुजली. दोन मैल म्हणजे ३,५२० यार्ड, ३,२१९ मीटर.

या खेळातली खरी सीमारेषा ट्रान्सॉनिक (ध्वनीच्या वेगाजवळचा) पट्टा ही आहे. बुलेटचा वेग ध्वनीच्या साधारण १.२ पटीच्या खाली आला की तिच्यावरचा दाबाचा केंद्रबिंदू सरकू लागतो. काही बुलेट तिथून सरळ पार होतात, काही डगमगतात आणि त्यांचा ड्रॅग (हवेचा रोध) एकदम वाढतो. म्हणून कॅलिबर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या नेहमीच्या अंतरावर बुलेट १.२ माखच्या वर आहे का?

.३३८ लापुआ मॅग्नम, ३०० ग्रेन (१९.४ ग्रॅम) बुलेट, जी७ बीसी (हवा कापण्याची क्षमता, मोठा आकडा चांगला; जी७ हा मोजणीचा नमुना) ०.४२ च्या आसपास, नळीच्या तोंडाशी २,७२५ फूट/सेकंद. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ही बुलेट साधारण १,४०० मीटरला १.२ माखवर येते. रेटॉन २,००० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तिथली हवा सुमारे २२ टक्के विरळ असते, त्यामुळे तोच टप्पा १,७५० मीटरच्या आसपास जातो. रायफल, काडतूस, बुलेट सगळं तेच आणि पल्ल्यात साडेतीनशे मीटरचा फरक. टेक्ससच्या किनारपट्टीवर सराव करणाऱ्याने रेटॉनच्या निकालावरून खरेदी करू नये ती याच कारणाने.

माझी ढोबळ विभागणी अशी. १,२०० मीटरपर्यंत ६.५ क्रीडमूर पुरतं, १४० किंवा १४७ ग्रेन बुलेट घ्या. १,२०० ते १,६०० ला .३०० पीआरसी किंवा .३०० नॉर्मा मॅग्नम, २२५-२३० ग्रेन. १,५०० ते २,००० ला .३३८. त्यापुढे सातत्याने जायचं असेल तर .३७५ चेयटॅक आणि त्याचे भाईबंद, मग .४१६ बॅरेट. सीमा एकमेकींवर चढतात, आणि चढायलाच हव्यात.

श्रीरंग_डेन्व्हर

विभागणी पटली, पण .३३८ बद्दल एक आक्षेप. नवा माणूस .३०० पीआरसीवरून .३३८ वर जातो तेव्हा पल्ल्यात मिळतं किती? २२५ ग्रेनच्या .३०८ व्यासाच्या ईएलडी मॅच बुलेटचा जी७ ०.३९१ आहे आणि .३०० पीआरसीतून ती २,८०० फूट/सेकंदाच्या आसपास निघते. .३३८ च्या ०.४२ आणि २,७२५ शी तुलना केली तर ट्रान्सॉनिक टप्पा जवळपास तोच येतो. वाढतो तो धक्का, काडतुसातल्या दारूचा खर्च आणि रायफलचं वजन.

.३३८ चा खरा फायदा दुसरीकडे आहे: बुलेट जमिनीवर पडल्यावर उडणारी धूळ. दीड किलोमीटरच्या पुढे पहिली गोळी कुठे पडली हे दिसलं नाही तर दुसरी गोळी अंदाजानेच मारावी लागते. १९ ग्रॅमची बुलेट ओलसर गवतातही खूण दाखवते, साडेचौदा ग्रॅमची बऱ्याचदा दाखवत नाही. कोरड्या, उघड्या मातीच्या रेंजवर सराव असेल तर .३०० पुरतं. गवताळ उतार असेल तर .३३८ घ्या. निवड बॅलिस्टिक तक्त्यापेक्षा तुमच्या रेंजच्या मातीवर जास्त अवलंबून आहे.

लेथवाला

बोल्ट-फेसचा (केसचं बूड धरणाऱ्या बोल्टच्या तोंडाच्या मापाचा) मुद्दा इथेच मांडतो, कारण पुढे पैसे तिथे वाचतात.

.३०० पीआरसीची केस .३७५ रुगरवरून आली, तिला ०.५३२ इंचाचा बोल्ट-फेस लागतो. .३०० नॉर्मा, .३३८ नॉर्मा आणि .३३८ लापुआ या तिन्हींचं मूळ .४१६ रिग्बी, बोल्ट-फेस ०.५८८ इंच. म्हणजे लांब मॅग्नम ॲक्शनवर (बोल्ट आणि त्याचं घर) एकदा ०.५८८ चा बोल्ट बसवला की .३०० नॉर्मा आणि .३३८ लापुआ या दोन बॅरलांमध्ये अदलाबदल करता येते. हेडस्पेस (चेंबरमध्ये केस बसायची जागा) गो आणि नो-गो गेजने (किमान-कमाल मापाच्या ठोकळ्यांनी) प्रत्येक बदलाच्या वेळी तपासायचा, अंदाज चालत नाही. चेयटॅक कुटुंब .५०५ गिब्जवरून आलं आहे, त्याला ॲक्शनच मोठी लागते. त्यामुळे ".३३८ घेतो, पुढे बॅरल बदलून .३७५ करेन" हा बेत सामान्य मॅग्नम ॲक्शनवर जमत नाही. .३७५ कडे जायचं नक्की असेल तर पहिल्यापासून मोठी ॲक्शन घ्या.

आता ट्विस्ट. मिलरच्या सूत्राने येणारा स्थिरतेचा आकडा किमान १.५ हवा. त्याखाली बुलेट भोक गोल पाडेल, पण पूर्ण बीसी देणार नाही. .३३८ मध्ये ३०० ग्रेनच्या शिसे-गर्भ (आत शिसं, वर कवच) बुलेटला १:१० (दहा इंचांत एक वेढा) पुरतो, १:९.३ जास्त निवांत. .३०८ व्यासात २२५-२३० ग्रेनसाठी १:९ किंवा १:८. खरी अडचण सॉलिड (सबंध तांब्याच्या) बुलेटची. तांब्याची घनता ८.९, शिशाची ११.३. त्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते, आणि लांबी वाढली की स्थिरता वेगाने घसरते. म्हणून .३७५ ची बॅरल आज १:८ किंवा १:७ ट्विस्टची मागवतात. जुन्या मंद ट्विस्टच्या बॅरलमध्ये ४०० ग्रेनचं सॉलिड भरून "बीसी छापल्याइतका येत नाही" अशी तक्रार करणारे बरेच असतात. बुलेट बरोबर असते, ट्विस्ट कमी पडतो.

आणखी एक फसवणूक: हा आकडा हवेच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. रेटॉनच्या उन्हाळ्यात १.५ आला तर तीच जोडी समुद्रसपाटीला १.१७ च्या आसपास येते. ट्विस्ट नेहमी तुमच्या सगळ्यात थंड आणि सखल जागेसाठी मोजा.

मंदा_टी

सॉलिड घ्यायचं की शिसे-गर्भ, हे कोणी स्पष्ट लिहील का? दुकानात .३७५ चं एकेक सॉलिड हातात घेतलं की किमतीनेच माणूस थांबतो.

लेथवाला

.३३८ आणि त्याखाली शिसे-गर्भच घ्या. तिथे ३०० ग्रेनचे हायब्रिड, २८५ ग्रेनचे ईएलडी मॅच, मॅचकिंग असे सिद्ध पर्याय आहेत आणि सॉलिडचा वाढीव खर्च वसूल होत नाही. .३७५ पासून पुढे चित्र बदलतं, कारण त्या व्यासात शिसे-गर्भ मॅच बुलेटचे पर्याय फार थोडे आहेत. ३६१ ते ४०७ ग्रेनची लेथवर कातलेली सॉलिड तिथे प्रमाण मानली जातात. २०१७ ची 'किंग ऑफ टू माइल्स' डेरेक रॉजर्स यांनी .३७५ चेयटॅकवरच जिंकली.

सॉलिडचे त्रास तीन. एक, तांबं नळीत जास्त चिकटतं. तांबं काढणारं द्रावण आणि साफसफाईचं वेळापत्रक आधी ठरवा, अचूकता ढासळायची वाट पाहू नका. दोन, रायफलिंगमध्ये (नळीतल्या खाचांत) शिरताना तांबं शिशासारखं दबत नाही, दाब वेगळा चढतो. शिसे-गर्भ बुलेटचा दारूचा आकडा त्याच वजनाच्या सॉलिडला लावणं धोक्याचं आहे. बुलेट बनवणाऱ्याचाच तक्ता घ्या आणि त्याच्या किमान आकड्यापासून सुरुवात करा. तीन, लांब बुलेट मॅगझिनमध्ये मावत नाही. एकेक काडतूस हाताने भरावं लागतं, आणि चेंबरचा थ्रोट (खाचा सुरू होण्याआधीची मोकळी जागा) त्या बुलेटच्या लांबीनुसार कापून घ्यावा लागतो. गनस्मिथकडे रीमर (चेंबर कापायचं हत्यार) लागण्याआधी त्याला त्याच बुलेटचं बिनदारूचं, बिनप्रायमरचं नमुना-काडतूस द्या. "बॅरल आधी, बुलेट मागून" केलं की नेमकं इथे अडतं.

दूरवेधी

पॉलिमर टोकाबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच लिहितो. जास्त बीसी आणि जास्त वेग असला की हवेच्या घर्षणाने जुन्या प्लास्टिकची टोकं मऊ होऊन बोथट होतात, हे डॉप्लर रडारवर दिसलं. हॉर्नडीने त्यावर २०१५ मध्ये उष्णता सहन करणारं टोक आणलं आणि पुढे ॲल्युमिनियमच्या टोकाची ए-टिप. म्हणजे जवळच्या अंतरावर बरोबर येणारा बीसी लांबवर घटत गेला, तर टोकाकडेही बघा.

छापलेल्या बीसीबाबत: जी१ चा आकडा मोठा दिसतो म्हणून वेष्टनावर तोच ठळक असतो. जी१ चा नमुना सपाट बुडाच्या जुन्या बुलेटचा आहे. बोट-टेल (बुडाशी निमुळत्या) बुलेटसाठी तो वेगागणिक बदलत जातो. जी७ घ्या. १,५०० मीटरच्या पुढे जी७ सुद्धा सरासरीच ठरतो, तिथे त्या बुलेटचं रडारवर मोजलेलं स्वतंत्र ड्रॅग-मॉडेल वापरा.

रेघोटी

आतापर्यंतच्या चर्चेत पल्ला खूप आला, उभी रेघ (शॉटचा वर-खालचा पसारा) आली नाही. दोन किलोमीटरला जवळपास जाणारे शॉट चुकतात ते वर-खाली, आणि त्याचं मूळ वेगाच्या फरकात असतं.

हिशोब असा. रेटॉनच्या हवेत .३३८ ची ३०० ग्रेन बुलेट २,००० यार्डांवर (१,८२९ मीटर) पोहोचायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास घेते. तिथे १० फूट/सेकंदाचा फरक म्हणजे उभ्या दिशेत साधारण एक तृतीयांश मीटर. तुमच्या वेगाचं प्रमाण विचलन ५ फूट/सेकंद असेल, जे बहुतेकांना उत्तम वाटतं, तरी जवळपास सगळे शॉट २० फुटांच्या पट्ट्यात पसरतात. म्हणजे ६० सेंटीमीटरहून जास्त उभा पसारा निव्वळ वेगातून. ९० सेंटीमीटर उंचीची पाटी धरली तर रायफलची स्वतःची अचूकता, वाऱ्याचा उभा झोत आणि तुमचा हात, या सगळ्यांना मिळून उरले ३० सेंटीमीटर.

म्हणून .३७५ वर जाण्याआधी तो पैसा इथे घाला:

०.०२ ग्रेन वाचणारा तराजू. मोठ्या मॅग्नम केसमध्ये ०.१ ग्रेनचा फरक २-३ फूट/सेकंद देतो. दाणा-दाणा मोजायची गरज नाही, पण ०.१ ग्रेन वाचणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा हळूहळू सरकतो आणि ते लक्षात येत नाही.

एकाच लॉटचं ब्रास (पितळी केस), आणि ॲनीलिंग (केसची मान तापवून मऊ करणं). मानेचा कडकपणा प्रत्येक केसचा वेगळा झाला की बुलेट सोडण्याचा ताण बदलतो. .३३८ साठी लापुआचं, चेयटॅकसाठी पीटरसनचं ब्रास मिळतं. स्वस्त ब्रासमधून निवडून काढण्यात जितके फेकावे लागतात, तितक्यात चांगलं ब्रास येतं.

तापमानाला कमी संवेदनशील दारू. हॉजडनची एच१००० याच गुणासाठी लोकप्रिय आहे. तरीही तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून वाऱ्याची वाट पाहिली की वेग चढतो. आधी वारा वाचा, मग काडतूस भरा.

बुलेट वजनापेक्षा बुडापासून ओजाइव्हपर्यंतच्या (नाकाच्या वक्रापर्यंतच्या) लांबीने वेगळ्या करा. वजनातला अर्ध्या ग्रेनचा फरक त्यामानाने कमी त्रास देतो.

आणि तीन शॉटवरून विचलन काढू नका. तीन शॉट कुठलाही आकडा दाखवू शकतात. किमान दहा, शक्यतो वीस.

श्रीरंग_डेन्व्हर

रेघोटींच्या गणिताला जोड. याच कारणाने .३७५ विचार करण्याजोगं ठरतं: जास्त वेग आणि जास्त बीसी म्हणजे उड्डाणाचा वेळ कमी, म्हणजे तेवढ्याच वेगफरकाने होणारी उभी चूकही कमी. ज्याचं विचलन आधीच ५ च्या खाली आहे आणि २,००० यार्डांवर वारा वाचता येतो, त्याला .३७५ खरोखर पुढे नेतं. बाकीच्यांची फक्त चूक महाग होते.

मंदा_टी

स्कोपबद्दल कोणी बोललं नाही. ३० मिलची (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) एकूण चाल असलेला स्कोप .३३८ ला पुरेल का?

रेघोटी

रेटॉनला पुरेल, समुद्रसपाटीला नाही.

एकूण ३० म्हणजे मध्यापासून वर १५, खाली १५. ४० एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली रेल (स्कोपखालची पट्टी) ११.६ मिल देते, वर जायला २६.६ मिल मिळाले. रेटॉनच्या हवेत वरच्या जोडीला २,००० यार्डांवर साधारण २३-२४ मिल लागतात, म्हणजे जागा उरते. समुद्रसपाटीला तेच अंतर २९ च्या आसपास मागतं, तिथे चाल संपते. मग लोक ६० एमओएची रेल घेतात आणि फसतात: ती १७.५ मिल देते, खाली फक्त १५ मिल आहेत, म्हणून १०० मीटरला शून्यच (नेम आणि गोळी एकाच जागी) मिळत नाही. अशा वेळी शून्य जमेल अशा आणखी लांबच्या अंतरावर शून्य करा, किंवा ईआरए-टॅकसारखा उतार बदलता येणारा माउंट घ्या. दोन मैलांसाठी बहुतेकजण स्कोपपुढे प्रतिमा सरकवणारा प्रिझम लावतात, चार्ली टॅरॅक हे त्यातलं परिचित नाव.

स्कोप सरळ बसवणं रेलइतकंच महत्त्वाचं. २,००० यार्डांवर बुलेटची घसरण ४० मीटरच्या पुढे असते. रायफल एका अंशाने कलली तर बुलेट पाऊण मीटर बाजूला जाते, आणि माणूस ती चूक वाऱ्याच्या नावावर लिहितो. बबल लेव्हल लावा. नंतर १०० मीटरवर उंच कागद टांगून ओळंब्याने उभी रेघ आखा आणि २० मिल फिरवून शॉट त्याच रेघेवर चढतात का ते पाहा. याच चाचणीत टरेट (स्कोपची फिरवायची चकती) खरोखर २० मिल चालतो की १९.७, हेही कळतं.

दूरवेधी

उजव्या ट्विस्टच्या बॅरलमधून २,००० यार्डांवर बुलेट फिरकीमुळे मीटरभराच्या आसपास उजवीकडे जाते. बॅलिस्टिक ॲपमध्ये ट्विस्टची दिशा आणि बुलेटची लांबी भरली नसेल तर हे धरलंच जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्याहून लहान, पण खरा. रेटॉनच्या ३७ अंश अक्षांशावर २,००० यार्डांना पाव मीटर उजवीकडे, शिवाय पूर्वेला नेम असेल तर ३५ सेंटीमीटर वर, पश्चिमेला तेवढंच खाली. नेमाची दिशा ॲपमध्ये भरली नाही तर सकाळच्या पूर्वेच्या पाटीवर जुळवलेला वेग पश्चिमेच्या पाटीवर खोटा ठरतो. लोक मग बीसी बदलत बसतात. वेग क्रोनोग्राफवरून (वेगमापकावरून) घ्या, ड्रॅग लांबच्या अंतरावरून जुळवा, आणि एका वेळी एकच आकडा हलवा.

वाऱ्यापुढे हे सगळं लहान आहे. १ मीटर/सेकंदाचा आडवा वारा याच जोडीला रेटॉनच्या हवेत सुमारे एक मीटर ढकलतो, समुद्रसपाटीला १.४ मीटर. वाऱ्याचा सराव स्वस्तात करायचा असेल तर .२२ एलआर ३०० मीटरला. मोठ्या बॅरलची एकेक गोळी वाचते, आणि .३०० नॉर्मासारख्या बॅरलचं आयुष्य १,००० ते १,५०० गोळ्यांचंच असतं.

श्रीरंग_डेन्व्हर

इथे वाचणारे बरेचजण एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असतील, त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार-परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं, तेव्हा आधी परवाना, मग रेंज, आणि शंका असेल तर वकील. .५० बीएमजी रायफलींवर कॅलिफोर्नियात बंदी आहे, हेही खरेदीआधी लक्षात असू द्या.

भारतात जाताना रेंजची बॅग वेगळीच ठेवा. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस, अगदी रिकामी केससुद्धा, विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरते.

मंदा_टी

मग २,००० यार्ड हे लक्ष्य, रेंज रेटॉनसारखी उंच आणि कोरडी, रीलोडिंग (काडतुसं स्वतः भरणं) येतं. अशाने नेमकं काय मागवावं?

लेथवाला

०.५८८ बोल्ट-फेसची मॅग्नम ॲक्शन. पहिली बॅरल .३०० नॉर्मा, १:८, ३० इंच, २३० ग्रेनच्या बुलेटसाठी थ्रोट कापून. दुसरी .३३८ लापुआ, १:९.३, २८ ते ३० इंच, ३०० ग्रेनसाठी. मझल ब्रेक (धक्का कमी करणारा नळीच्या तोंडाचा भाग) दोन्हीला, आणि बायपॉड-स्कोपसकट वजन ८-९ किलोंच्या खाली नको, नाहीतर धक्क्यात पाटी नजरेतून जाते आणि स्वतःची गोळी पडलेली दिसत नाही. बुलेट एकाच लॉटच्या ५०० घ्या, बॅरल बसण्याआधीच. नवा लॉट आला की ओजाइव्ह पुन्हा मोजा, सीटिंगची (बुलेट केसमध्ये बसवण्याची) खोली पुन्हा तपासा. कारखान्याचा साचा बदललेला असतो आणि डबीवरचा आकडा तोच राहतो.

रेघोटी

यात एक बदल सुचवते. पहिली बॅरल .३३८ च घ्या. .३०० नॉर्मा वेगाने झिजते, आणि सुरुवातीच्या सगळ्या चुका, दारूच्या चाचण्या, स्कोपची तपासणी त्याच बॅरलवर होणार. .३३८ चा थ्रोट जास्त टिकतो. पाचशे गोळ्यांनंतर वेगाचं विचलन ६ च्या खाली स्थिर राहिलं तर .३०० नॉर्माची बॅरल मागवा. राहिलं नाही, तर नवी बॅरल मागवण्याआधी तराजू आणि ॲनीलिंग तपासा.